पेट्रोलची फुटकी टांकी : झाळावी कीं बदलावी ?

भांड्यास भोंक पडलें म्हणजे तें झाळून घ्यावें, टाकूं नये, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. तो वाईट नाहीं. परंतु मोटारीची पेट्रोलची टांकी म्हणजे पितळी पातेलें नव्हे. आमच्या सोनपेठकडील काळ्या मातींत पावसाळा सरतां सरतां रस्ते उखडतात, सुटी खडी उसळते आणि गाडीच्या पोटाखालील टांकीस मार बसतो.

पुष्कळ गाड्यांत हल्लीं टांकी प्लास्टिकची असते. तिला तडा गेल्यास लांबी भरण्याच्या भरीस न पडतां ती बदलावी. पत्र्याची असेल, तर भोंक कशानें पडलें तें पाहावें. दगडानें पडलें असल्यास भोंवतालचा पत्रा बहुधा शाबूत असतो. अशी टांकी नीट झाळली असतां पुष्कळ वर्षें चालते. गंजाचें भोंक आंतून बाहेर येतें. पाणी पेट्रोलपेक्षां जड, म्हणून तळाशीं बसतें. शिवाय २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेंकडा २० वर पोहोंचलें, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतें. (आमच्या भागांतील उंसाचाही त्यांत हातभार आहेच !) गाळणी वारंवार तांबड्या कचऱ्यानें तुंबत असेल, तर आज एक भोंक बुजवावें आणि उद्यां शेजारीं दुसरें पडावें, असेंच चालावयाचें. शास्त्रकारांनीं देवळास जीर्णोद्धार सांगितला आणि भंगलेल्या मूर्तीस विसर्जन, तें उगीच नव्हे.

परंतु मला खरी धास्ती वाटते ती निराळीच. भरलेल्या टांकीपेक्षां रिकामी टांकी अधिक घातक. जळते ती पेट्रोलची वाफ; हवेंत ती शेंकडा सुमारें १.४ ते ७.६ मिसळली कीं एक ठिणगी पुरते. पेट्रोल ओतून टाकलें तरी सांध्यांत थेंब राहतातच. यास्तव टांकी उतरवून, साबणाच्या कढत पाण्यानें अनेक वेळां धुऊन, भोंकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून आणि तोंड उघडें ठेवूनच ती झाळावयाची असते. रस्त्याकडेच्या दुकानांत एवढी सवड कोणास ? गाडीचे धनी "तासाभरांत करून दे" म्हणून बाकावर चहा घेत बसतात, आणि ज्योत हातीं घेऊन टांकीवर वांकतो तो १५-१६ वर्षांचा पोरगा. ज्वलनास प्राणवायु लागतो हें त्यानें शाळेंत पाठ केलेलें असतें. टांकी रिकामी होतांच तोच प्राणवायु आंत शिरतो, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. वांचलेला पैसा आपला, जीव त्याचा. झाळूनच घ्यावयाची असेल, तर अनुभवी कारागीर पाहावा, टांकी धुण्याचे निराळे पैसे आधीं हातावर ठेवावे आणि गाडी दुसरे दिवशीं आणावयास जावें.