बेलपाड्याची खारी हवा आणि गाडीचा रंग

मुंबईहून शीव-पनवेल रस्त्याने येताना बेलापूर मागे टाकले, की डाव्या हाताला खारघरचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी पनवेल तालुक्यातले बेलपाडा आहे. गाव म्हणून तुम्ही तिथे खळे नि उडवी शोधू लागलात तर फसाल. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, आणि खाचरांच्या जागी इमारती आल्या. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते, तिचे एक स्थानक बेलपाडा नावाचेच आहे.

भात, मासळी आणि मीठ ही या खाडीकाठची जुनी कामे. जमीन गेल्यावर अशा गावांतून जिथे बैलजोडी होती तिथे रिक्षा आली, टेम्पो आला. म्हणजे घराचे पोट आता पत्र्याच्या गाडीवर. म्हणून तुम्ही तिकडे गेलात, तर इमारती बघण्याआधी गल्लीत उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बघा. टपावरचा रंग बरा दिसेल. आता वाकून चाकावरची कमान आणि दाराची खालची कड पाहा. रंगाला बारीक फुगे आलेले असतात. नखाने टोकरले, की पोपडा निघतो आणि आत तांब.

हे कशाने होते, ते तुमच्या स्वयंपाकघरातच कळेल. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना? हवा फार दमट झाली, की मीठ तिच्यातले पाणी ओढून घेते. पत्र्यावर बसलेले मीठही तेच करते. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागतेच. पण पाण्यात मीठ असले, की तेच काम कितीतरी झपाट्याने होते. रंगाचा सगळा थर मिळून जाडी केसाएवढी किंवा त्याहून थोडी जास्त. खडी उडून एवढासा टवका गेला, की खारे पाणी तिथून शिरते आणि रंगाच्या खालून पसरते. वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

बेलपाड्याला समुद्राच्या लाटा फुटत नाहीत, खाडी आहे. अलिबागच्या किनाऱ्याएवढा त्रास इथे नाही. पण पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, म्हणजे खाडीच्याच बाजूने येतो, आणि पाऊस शंभर इंचांच्या वर. गंमत अशी, की हाच पाऊस टपावरचे मीठ धुऊन नेतो. जिथे तो पोचत नाही, त्या मडगार्डाच्या आत चिखल आणि मीठ मिळून ओल धरून बसतात. कुजते ते तिथे.

आता थोडे दूर जाऊ. कुणाचा मुलगा शिकागोला, कुणाची भाची टोरोंटोला असते. बर्फात पुरलेल्या मोटारीचा फोटो येतो आणि घरी काळजी लागते, की बर्फाने गाडीचा रंग गेला असेल. निव्वळ बर्फ रंगाचे फारसे वाईट करत नाही. टवक्यात शिरलेले पाणी गोठताना फुगते आणि रंगाची कड उचलते, हे खरे. घाईने फावड्याने बर्फ खरवडला तर चरेही पडतात. पण खरा घात तिथेही मिठानेच होतो. मिठाच्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून रस्ते मोकळे ठेवायला तिथे हिवाळाभर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटते. तिथल्या कडक थंडीत गंज निदान सावकाश चढतो. आपल्याकडे बारमाही उष्मा, त्यामुळे बेलपाड्याच्या मिठाला सुट्टी नाही!

आपल्याकडेही महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही पहाटे गाड्यांच्या टपावर हिमकण जमतात. ते वितळू द्यावेत. पत्र्याच्या तुकड्याने खरवडू नयेत. वर कढत पाणी ओतणे तर नकोच.

तुम्ही म्हणाल, आमचे गाव खाडीपासून शंभर कोसांवर, आम्हाला काय त्याचे? तर तुमची ट्रॉली बघा. म्युरेट ऑफ पोटॅश हेही एक मीठच. पोती फुटून खत तळाच्या सांध्यांत बसते आणि पहिल्या पावसात बेलपाड्याची हवा तुमच्या अंगणात येते. खत वाहिले, की त्याच दिवशी ट्रॉली झाडून धुवा, उन्हात वाळवा. गाडी धुताना पाण्याची नळी आधी खालून, चाकांच्या आत मारा. टप शेवटी धुतला तरी चालेल. दारांच्या तळाला पाणी निघायची भोके असतात, ती चिखलाने बुजतात, काडीने मोकळी करा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. टवका दिसला तर दिवाळीची वाट न बघता पॉलिश पेपरने तांब पुरती घासा, गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, अस्तराचा रंग द्या आणि मग वरचा. तांबेवरच रंग फासून दिला, तर येत्या पावसाळ्यात तो पुन्हा फुगेल.