पट्टीच्या उजेडाचे गणित
गणपतीच्या मखराला लावायची एलईडी पट्टी किती वीज घेईल, हे तिच्या झगमगाटावरून नव्हे, तर दर मीटरच्या वॅटवरून, म्हणजे वीज वापरण्याच्या दरावरून ठरते. 12 व्होल्टवर चालणाऱ्या, मीटरला 60 दिवे असलेल्या 5050 प्रकारच्या पट्टीला साधारण 14.4 वॅट लागत असल्याने 5 मीटरला 72 वॅट, म्हणजेच 6 अँपिअर प्रवाह लागतो. अडॅप्टर मात्र नेमका 72 वॅटचा घेऊ नये, कारण सतत पूर्ण भाराखाली तो तापतो. 90 वॅटचा घ्यावा. पट्टीतील तांब्याचा थर पातळ असल्याने दूरच्या टोकाशी व्होल्टेज घटून उजेड मंदावतो (आणि दोष विनाकारण दिव्यांना दिला जातो), म्हणून लांब पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्यावी. मखरात कापड आणि कागद असतो. तिथे एवढ्या प्रवाहाने तापून आग लावू शकणारी बारीक वायर कधीही वापरू नये.