समुद्रातली रात्रपाळी

बाळाची काळजी घ्यायची ती आईनंच, असं आपण किती सहज बोलून जातो, नाही का? आज तुम्हाला पाण्याखालच्या एका बाबाची गोष्ट सांगते.

आम्ही भिलाईचे. बाबा स्टील प्लांटमध्ये, त्यामुळे आमचं घर पाळ्यांच्या हिशोबानं चालतं. समुद्र इथून खूप लांब. गेल्या वर्षी मालवणला गेलो, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं. पाण्यात तोंड घातलं आणि समोर पिवळसर मासे, अंगावर पाच काळे पट्टे! गाईडनं नाव सांगितलं, सार्जंट मासा. हा डॅमसेलफिशच्या कुळातला, म्हणजे सिनेमातल्या नीमोचा नातेवाईकच.

एक मासा मात्र खडकापाशीच घुटमळत होता. जवळ गेलं की सरळ अंगावर धावून यायचा. एवढासा जीव, पण कसली हिंमत!

घरी आल्यावर त्याच्याबद्दल वाचलं. नर आधी खडकावरचं शेवाळ काढून जागा स्वच्छ करतो. मादी तिथं अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचे काही दिवस पहारा एकट्या बाबाचा. त्याच्या अंगावर निळसर झाक येते. पर हलवून तो अंड्यांना ताजं पाणी देतो, खराब झालेली अंडी काढून टाकतो. या माशांच्या शास्त्रीय नावाची, अबुडेफडफची, सुरुवातच 'अबू'नं होते. अरबीत त्याचा अर्थ बाप!

हे बाबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे याला रिलीव्हर नाही." पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

खरंच, तो थोडा वेळ जरी हटला तरी टपून बसलेले मासे अंडी फस्त करतात. आणि त्याला हटवायला आपण पुरेसे आहोत. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, ते एकट्यानं थांबवणं आपल्या हातात नाही. पण प्रवाळावर पाय न ठेवणं, माशांना बिस्किटं न टाकणं, हे तर जमेल?

अंडी बहुतेक अंधार पडल्यावर फुटतात. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात, बाबाला पुन्हा ओळखतही नाहीत. तरी तो ड्युटी पूर्ण करतो.

तुम्ही मालवणला गेलात आणि एखादा छोटा मासा अंगावर धावून आला, तर हसून मागं फिरा. तो कामावर आहे.