रुक्मिणीच्या माहेरची वाट

कौंडण्यपुरातून रुक्मिणीला घेऊन निघालेल्या रथाच्या घोड्यांना वैरण किती लागली, याची चिंता पुराणकारांनी वाहिलेली नाही. आमच्या मित्राच्या दोन दारी स्पोर्ट्‌स कारची नोंद मात्र अधिकृत आहे : लिटरला 14 किलोमीटर. अमरावतीहून कौंडण्यपूर गाठून, वर्धेचे दर्शन घेऊन परतेपर्यंत आम्ही टाकी ते टाकी मोजले, 9 भरले. म्हणून 14 हा आकडा खोटा ठरत नाही. त्या चाचणीत चाके प्रयोगशाळेतल्या रोलरवर फिरली, एसी बंद होता, वेग ताशी 90च्या वर गेला नाही, सरासरी तर जेमतेम 32. तिथे वऱ्हाडातला मे नव्हता, बैलबंडीमागचा खोळंबा नव्हता, आणि मोकळा रस्ता दिसताच आवेशात येणारा आमचा मित्रही नव्हता. पेट्रोलची वर्गणी त्याने 14च्याच हिशेबाने मागितली. आम्ही हरकत घेतली नाही.