घोटाघोटाचे धैर्य

कर्करोगाचे नाव निघाले की आपले मन थेट मृत्यूपाशी जाऊन थांबते. मध्ये उपचारांची जी दीर्घ वाट असते, तिच्यावरील काट्यांचा विचार फारसा कोणी करीत नाही. माझ्या थोरल्या बंधूंच्या घशावर किरणोपचार सुरू झाले, तेव्हा ती वाट आम्हा घरच्यांनाही चालावी लागली.

आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, एकूण ३५ बैठका. त्यापूर्वीच दंतवैद्याने दादांचे दोन किडके दात काढले होते. कारण किरणांनी दुबळ्या झालेल्या जबड्यातील जखम सहसा लवकर भरत नाही. प्रारंभी दादांना काहीच जाणवले नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र तोंड आतून सोलवटले, लाळ घट्ट व चिकट झाली, चव हरपली. घोटभर पाणीही निखाऱ्यासारखे वाटे. एके रात्री त्यांनी पाटीवर लिहिले, ‘आता पुरे.’

डॉक्टरांनी शांतपणे समजाविले, “मध्येच खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो.” त्रास सुसह्य करणे ही केवळ दया नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, हे तेव्हा आम्हांस उमगले.

मग घरातील कामे वाटली गेली. लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन तासांनी गुळण्या. दातांना मऊ ब्रश. तिखट, आंबट, कढत सारे वर्ज्य. गार पेज, खिमट, दुधात कुस्करलेले केळे. जेवणापूर्वी डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक. काळवंडलेल्या मानेला सुती कापड. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम. वजन घटू लागताच नाकातून नळी घातली. दादांना तो पराभव वाटला. परंतु त्या नळीनेच त्यांना शेवटच्या बैठकीपर्यंत नेले. गिळण्याचे स्नायू सुस्तावू नयेत म्हणून नळी असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घोट घोट पाणी गिळीत.

शास्त्रही पुढे सरकले आहे. लाळग्रंथी शक्यतो वाचवून किरण देणाऱ्या पद्धतीची ब्रिटनमध्ये चाचणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर तोंडाला त्रासदायक कोरड असणारे रुग्ण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के होते.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याला ‘धीर धरा’ असे अवश्य म्हणावे. मात्र त्याआधी गुळण्यांचे ताजे पाणी त्याच्या उशाशी ठेवावे.