दोन दिवसांची हजेरी

२०१९च्या उन्हाळ्यात शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर लागलो, तेव्हा आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट खिशात होतं आणि डोक्यात हवा. वजन उचलायला काय लागतं? हायड्रा क्रेन आली, हूक खाली घेतला, स्लिंग अडकवली, झालं.

आमच्या गँगचे मुकादम मंगरूळपीरकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण चौथी. पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, त्या कामात ठेकेदाराकडे राहून त्यांनी जुने गर्डर उतरवले होते. रोज सकाळी मामा गळ्यातला दुपट्टा काढत आणि वायर रोपच्या प्रत्येक स्लिंगवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. धागा अडकला की तिथं तार तुटलेली. मग उकिडवे बसून मोजणी. पेडाच्या एका पूर्ण वळशात दहा तारा तुटलेल्या निघाल्या, की त्या स्लिंगचे सरळ दोन तुकडे. "नुसती फेकली तर कोनीतरी उचलून आनते बाबू," म्हणत. म्हातारा वेळ काढतो, असं मी पोरांत बोलायचो. हसायचोही.

एक दिवस मामा भाकरी खायला गेले होते. शटरिंगच्या प्लेटांचा दोन टनांचा गठ्ठा हलवायचा होता. लांब स्लिंगा दूर पडल्या होत्या, म्हणून हाताशी होत्या त्या आखूड दोन लावल्या. सकाळचा दुपट्टा फिरायच्या आधीच त्या कुणीतरी इकडे आणून टाकल्या होत्या. प्लेटांच्या धारेवर गोणपाटही ठेवलं नाही. हायड्राच्या ड्रायव्हरला मामांची सवय लागलेली. त्यानं गठ्ठा वीतभर उचलून थांबवला. तेवढ्यात एक स्लिंग धारेवर तुटली. वीतभरच उंची होती, म्हणून दोन प्लेटा वाकण्यावर निभावलं.

साहेबांनी विचारलं, कुणी बांधलं? मी मान खाली घातली. तोवर मामा हात धुऊन आले होते. "गँग माझी हाय," एवढंच म्हणाले. त्यांची दोन दिवसांची हजेरी कापली गेली. मी तेव्हाही बोललो नाही.

संध्याकाळी त्यांनी मला आणि आणखी एका पोराला बोलावलं. पाण्याची भरलेली बादली दोरीत मधोमध ओवली आणि दोन टोकं आमच्या हातात दिली. जवळजवळ उभे होतो तोवर काही वाटलं नाही. "आता मागं सरका." सरकत गेलो तशी दोरी आडवी होत गेली, बोटं पांढरी पडली, खांदे भरून आले. बादली तीच, पाणी तेवढंच. मामा विडी ओढत बघत होते.

त्यातलं गणित पुढं कळलं. स्लिंगा आडव्या रेषेशी साठ अंशांत असल्या, तर दोन टनांत प्रत्येकीवर साधारण सव्वा टनाच्या आतच ताण येतो. आखूड पडून तीस अंशांवर आल्या की प्रत्येकीवर पुरे दोन टन. नव्या वायर रोपच्या स्लिंगेत लिहिलेल्या क्षमतेच्या साधारण पाचपट ताकद राखून ठेवलेली असते. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या चुका रोज पचतात. ती राखीव ताकद तुटक्या तारांनी आणि उघड्या धारेनं कधीच खाऊन टाकलेली असते, ते दिसत नाही.

आज एका कारखान्यातल्या उचलसामानाचं रजिस्टर माझ्याकडे आहे. नियमाप्रमाणे वर्षातून निदान एकदा सक्षम माणसाकडून कसून तपासणी करून घ्यावी लागते. ती होते, सही-शिक्क्यानिशी. दुपट्टा मात्र मी रोज फिरवतो. मला ही नोकरी त्या दुपट्ट्यानंच दिली आहे.

१ ऑगस्ट २०२३ला शहापूरजवळ याच महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून वीस माणसं गेली. बातमी बघून हात गार पडले. पुढच्या रविवारी मामांचं गाव गाठलं.

मामा विहिरीवर होते, मोटर काढायला घोडी उभी केलेली. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांब, आधी तो दोर पाह्य." पाहिला. एका जागी दुपट्टा अडकला. काम थांबलं, दुसरा दोर येईस्तोवर दुपार टळली.

मग ओसरीवर बसून सगळं सांगितलं आणि दोन हजार रुपये पुढं ठेवले. मामांनी नोटा मोजल्या. आठशे खिशात घातले, बाकीचे माझ्याकडे सरकवले.

"तवा चारशे रोज होता," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत हाक दिली.