रिकाम्या दऱ्यांची वाट

सह्याद्रीत मी पंचवीसेक वर्षं भटकते आहे, पण एकटी कधी गेले नाही. बाईमाणूस एकटं डोंगरात दिसलं की आपल्याकडे वाटेवरचा प्रत्येक जण तिचा पालक होतो. "सोबत कोण आहे?" "घरी सांगून आलात ना?" "पुढे वस्ती नाही हो, ताई." त्यात माया असते, तरी दिवसभर उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला येतो. लेक नोकरीसाठी ग्लासगोला गेली आणि उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधीच माझा बेत पक्का होता. वेस्ट हायलँड वे चालायचा, सलग आणि एकटीने. मला एकांत हवा होता. कुणी काही विचारणार नाही असा, भरपूर.

वेस्ट हायलँड वे ही स्कॉटलंडची पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट. 1980 साली ती खुली झाली. ग्लासगोच्या उत्तरेला मलगाय गावातून निघते आणि 154 किलोमीटरवर, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस याच्या पायथ्याशी, फोर्ट विल्यमला संपते. बहुतेक लोक आठवडाभरात ती पुरी करतात. षटकोनात थिसलचं, म्हणजे तिथल्या काटेरी जांभळ्या फुलाचं, चित्र ही तिची खूण. ती इतक्या ठिकाणी आहे की नकाशा उघडायची वेळ क्वचितच येते. तुमचं सामान पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवणाऱ्या गाड्याही मिळतात. लेक म्हणाली, "आई, सॅक गाडीत टाक ना. गुडघ्यांचा विचार कर." मी म्हटलं, "अगं, पाठीवर काही नसेल तर ते बागेत फिरायला गेल्यासारखं होईल." शेवटी तह झाला. तंबू आणि स्टोव्ह घरी ठेवायचा, मुक्काम हॉस्टेलात नाहीतर बेड अँड ब्रेकफास्टवाल्यांकडे करायचा. सॅक मात्र माझी मी नेणार. त्यात तिने दाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा कोंबला, म्हणजे वजन कमी झालं ते तिथेच भरून निघालं.

पहिला टप्पा सपाटीचा आहे. उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून आणि शेतांच्या कडेकडेने तो पटकन उरकतो. चाल खरी सुरू होते ती कॉनिक हिलवर. उंची जेमतेम 361 मीटर, आपल्याकडे याला टेकडीच म्हणतील. पण वर उभं राहून लॉख लॉमंड या सरोवराकडे पाहिलं की त्यातली बेटं एका रेषेत ओळीने बसलेली दिसतात आणि तीच रेष आपल्या पायाखालच्या धारेतून पुढे निघून जाते. हा हायलँड बाउंड्री फॉल्ट, स्कॉटलंडला नैर्ऋत्येपासून ईशान्येपर्यंत तिरका कापत गेलेला प्रस्तरभंग. दक्षिणेला हिरवी, मऊ, बांध घातलेली शेतं. उत्तरेला एकामागे एक निळेकरडे डोंगर. हायलँड्स कुठून सुरू होतात हे तिथे बोटाने दाखवता येतं.

वाटेत माणसं भेटत होती. जर्मन विद्यार्थी, डच जोडपी, कुत्र्याला घेऊन निघालेले स्कॉटिश आजोबा. सगळे हसून दोन शब्द बोलायचे, ते हवेबद्दल नाहीतर मिजबद्दल. "एकटीच?" असं कुणी विचारलं नाही. मी खूश होते.

मिज म्हणजे चिलटाहून बारीक चावरा कीटक. एकटा दिसतही नाही, येतो तो ढगाने. पाऊस थांबून हवा दमट राहिली आणि वारा पडला की संपलंच. मी जूनच्या अखेरीस गेले होते, म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. एका संध्याकाळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, तेवढ्यात कपाळ, कानामागची जागा, केसांतला भांग, सगळं पेटलं. जाळीची टोपी चढवून चालत राहिलं की ते मागे पडतात. तिथली माणसं वाऱ्याची इतकी वाट का बघतात, ते मला त्या दिवशी कळलं.

लॉख लॉमंडचा पूर्व किनारा हा वाटेचा सर्वांत रांगडा भाग. इनव्हर्सनेडच्या पुढे तर वाट अशी उरतच नाही. ओकची ओली मुळं, शेवाळलेले धोंडे, मधेच लोखंडी शिडी, मधेच फळी टाकलेला ओढा. ताशी दोन किलोमीटर पडले तरी पुष्कळ. तिथे एका वळणावर उग्र वास आला, बोकडाचा. क्षणभर वाटलं, धनगरवाडा जवळ आहे. वर पाहिलं तर कातळावर लांब केसांची, मागे वळलेल्या शिंगांची रानशेळी बसलेली, मागे दोन करडं. या शेळ्या एकेकाळी माणसांनी पाळलेल्या होत्या. सुटून रानटी झाल्या.

माणसांनी पाळलेल्या, हे डोक्यात राहिलं. कारण त्याच दिवशी नेच्याच्या कमरेएवढ्या रानात मला एक चौथरा दिसला होता. गडांवर फिरून डोळ्यांना एक सवय लागते. दगड आपोआप पडलेला आहे की कुणी रचलेला, ते लांबून कळतं. हे कोपरा साधून रचलेले होते. मी सॅक उतरवून आत शिरले. गुडघाभर उंचीच्या भिंती, दाराची जागा, मागच्या अंगाला अजून एक जोतं. किल्लेदाराचा वाडा वगैरे काही नव्हे, साधी घरं. त्यांच्यापासून तळ्याचं पाणी हाकेच्या अंतरावर. त्यानंतर मी चौथरे शोधतच चालू लागले आणि ते सापडत गेले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभरेक वर्षं हायलँड्समधल्या जमीनदारांनी आपल्या जमिनींवरची कुळं काढली. कुळाच्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत पैसा जास्त होता. काही गावं जबरदस्तीने उठवली, काही ठिकाणी खंड वाढवून माणसांना स्वतःहून जायला भाग पाडलं, काही पुढे उपासमारीने गेली. माणसं समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर, ग्लासगोच्या गिरण्यांत, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात पांगली. त्यांच्या जागी मेंढ्या आल्या, पुढे श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणं राखली गेली. मेंढ्या आणि हरणं रोपटं वाढू देत नाहीत, म्हणून डोंगर बोडके राहिले. ज्याला मी अस्पर्श निसर्ग समजत होते, त्यातला बराचसा असा घडलेला आहे. चौथऱ्यातल्या घरात नेमकं काय झालं ते सांगणारा फलक तिथे नव्हता. पण ज्या शांततेसाठी मी एवढ्या लांब आले होते, ती मला त्यानंतर फुकटात मिळाल्यासारखी वाटेना.

सरोवर संपल्यावर इनव्हरआर्नन लागतं. इथलं ड्रोव्हर्स इन 1705 पासूनचं. ड्रोव्हर म्हणजे गुरं हाकणारे. हायलँड्समधली गुरं कळपाकळपाने दक्षिणेच्या क्रीफ आणि फॉल्कर्कच्या बाजारांना चालवत न्यायची, हा त्यांचा धंदा. माझी वाट बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच वाटेवरून जात होती.

टिनड्रमच्या अलीकडे पायाखालची जमीन बदलते. वाट रुंद होते, सरळ जाते, पाण्याला मोऱ्या असतात. हा फौजी रस्ता. लंडनच्या सरकारविरुद्ध हायलँड्समध्ये 1715 साली बंड झालं, 1745 साली पुन्हा झालं. तोफा आणि पायदळ दऱ्यांतून झटपट हलवता यावं म्हणून जनरल वेडने 1725 च्या सुमारास रस्ते बांधायला घेतले. पुढे मेजर विल्यम कॉलफील्डने ते काम कितीतरी वाढवलं. माझ्या वाटेवरचे रस्ते मुख्यतः त्याचे. 1746 साली कलोडनच्या मैदानात बंड चिरडलं गेलं, हायलँडर पुरुषांना त्यांचा पारंपरिक पोशाख घालायलाही कायद्याने बंदी झाली आणि रस्ते मात्र बांधले जात राहिले.

याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. बंड मोडल्यावर याच डोंगरांतली पोरं सरकारने पलटणींत भरती केली. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्लीने जे गोरं पायदळ उभं केलं, त्यात 74 वी आणि 78 वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफांपुढे 74 व्या पलटणीची त्या दिवशी अक्षरशः चाळण झाली. ज्यांची घरं ताब्यात ठेवायला रस्ते बांधले, त्यांचीच नातवंडं आमच्या मुलखात मारायला आणि मरायला पाठवली. शाळेत असईची लढाई मी तारखेपुरती पाठ केली होती. ब्रिज ऑफ ऑर्कीच्या चढावर, पावसात, ती पहिल्यांदा मला माणसांची लढाई वाटली.

रॅनोक मूर ओलांडायचा दिवस मी मनात राखून ठेवला होता. शेकडो डबकी आणि तळी, काळं पीट, म्हणजे कुजक्या झाडपाल्याची दलदलीतली माती, त्यातून वर आलेले जुन्या पाइन वृक्षांचे पांढुरके बुंधे. या पठारावरची वाटही कुणीतरी आखलेलीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली झालेला हा रस्ता. गोल, टणक दगडांची फरसबंदी अजून शाबूत आहे आणि तळपायांना ती तासाभरात नकोशी होते. मी रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालून पाहिलं, तर तिसऱ्या पावलाला बूट घोट्यापर्यंत पीटमध्ये गेला. काढला तेव्हा पचकन आवाज झाला आणि कुजक्या गवताचा, थोडा धुरकट वास आला. निमूट दगडांवर परतले. बा नदीच्या पुलापासून पुढे बराच वेळ कुणी दिसलं नाही. वारा, मधूनच एखादा पक्षी आणि माझ्या पोंचोची फडफड. हवा होता तो एकांत हाच, आणि तो मी मनापासून उपभोगला. त्याचा इतिहास कळला म्हणून त्याची गोडी गेली असं म्हटलं तर ते खोटं होईल. एवढंच, की आपण इथे पहिले आहोत असा जो एक खोटा ताठा एकट्या चालणाऱ्याला येतो, तो आला नाही.

त्या रात्री हॉस्टेलच्या वाळवणखोलीत सगळ्यांचे बूट ओळीने टांगलेले होते. स्कॉटलंडच्या वाटेवर ही खोली स्वयंपाकघराइतकी महत्त्वाची. गरम हवेचा झोत, ओल्या लोकरीचा आणि मोज्यांचा कोंदट दर्प आणि आपल्या इनसोल शोधणारी पाचसहा माणसं. तिथे एका स्कॉटिश बाईंनी माझा लाडू खाल्ला, कृती विचारली आणि मला ओटची बिस्किटं दिली.

दुसऱ्या दिवशी डेव्हिल्स स्टेअरकेस. नाव भीतिदायक, प्रत्यक्षात कॉलफील्डच्या सैनिकांनी काढलेली नागमोडी वाट. सुमारे 550 मीटरवर ती खिंडीत पोचते आणि हाच या संपूर्ण पायवाटेचा सर्वोच्च बिंदू. मागे ग्लेनकोच्या तोंडाशी ब्वाखल एटिव्ह मोरचा सुळका, पुढे किनलॉखलेव्हनकडे लांबलचक उतार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळच ब्लॅकवॉटर धरण बांधलं गेलं, ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी. खोऱ्या-फावड्याने ते उभारणारे मजूर हिवाळ्यातही डोंगर ओलांडून किंग्जहाउसच्या दारूगुत्त्यावर जायचे आणि परत येताना त्यातले काही जण बर्फात कायमचे राहायचे. उतारावर धरणाचे जाडजूड नळ आपल्या शेजारून खाली धावतात. कारखाना 2000 साली बंद झाला, वीज अजून तयार होते. अस्पर्श म्हणून वाखाणलेल्या या डोंगरात औद्योगिक मजुराच्या कष्टाची खूण इतक्या उघडपणे बघायला मिळाली, याचं मला बरंच वाटलं.

फोर्ट विल्यम हे गाव लष्करी छावणीभोवती वाढलं. ज्या किल्ल्यावरून त्याला नाव मिळालं, तो 1894 साली आलेल्या रेल्वेसाठी जवळजवळ सगळा पाडला. चौकात वाटेचा शेवट आहे आणि तिथे बाकावर बसून दुखरा पाय चोळणाऱ्या माणसाचा पुतळा. माझे स्वतःचे दोन्ही टाचांचे फोड तोवर पिकलेले होते, त्यामुळे फोटो काढताना वेगळा अभिनय करावा लागला नाही.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. मुक्काम काही महिने आधी राखून ठेवा, आणि जून-जुलैऐवजी मेच्या सुरुवातीला जा. मिज तेव्हा फार नसतात, दिवसही पुरेसा मोठा असतो. आणखी एक कारण आहे. लॉमंडच्या काठावर नेच्याचं रान तोवर वाढलेलं नसतं. त्या घरांच्या भिंती, दारांच्या जागा, परसातले बांध, सगळं उघडं दिसतं. तिथे थोडं थांबा. पुढचा मुक्काम गाठायला अंधार पडायच्या आत भरपूर वेळ असतो.